पट्टीखालचा शब्द

मी एक फंगो बोलतेय. म्हणजे बेसबॉलचीच बॅट, पण लांब आणि सडपातळ. सामन्यात मला कुणी हात लावत नाही. सरावाला कोच माझ्यानं चेंडू मारतात आणि खेळाडू ते अडवतात. माझ्या अंगावर एक शब्द आहे. सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

ओहायोतल्या एका लहान व्यावसायिक संघात मार्लिस कोच झाली, तेव्हा तिनं मला घेतलं. संघातली ती पहिलीच बाई कोच. तिचा धाकटा भाऊ ड्वेन तिथंच खेळायचा. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, त्यामुळे नातं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मैदानावर ओळख दाखवू नकोस," ड्वेन म्हणाला.

"नाही दाखवत. पण इतरांना म्हणतोस तसं मलाही कोच म्हणशील ना?"

"बघू."

एकदाही म्हणाला नाही.

"मॅडम, हळू मारा, नखं तुटतील," पोरं म्हणायची. पुढचा चेंडू बोलणाऱ्याच्या नडगीवर बसायचा. ड्वेन सूर्यफुलाच्या बिया चघळत हसायचा, जरा जास्तच.

खेळाडू बॅटच्या मुठीच्या टोकावर आपला नंबर लिहितात. एके दिवशी ड्वेननं मला उचललं आणि सगळ्यांसमोर तिथंच मार्करनं इंग्रजीत लिहिलं, ब्रूम, म्हणजे झाडू.

"घ्या, बाईंची बॅट आता लगेच ओळखू येईल."

खसखस पिकली. माझं टोक कोरं, त्याला रोगण नव्हतं. ती शाई मी घटाघटा प्यायले. ढकलून द्यायला हवी होती.

मार्लिसनं ते वाचलं. शब्दातलं एक अक्षर गळलेलं होतं. लहानपणी ड्वेनचा अभ्यास तीच घ्यायची. तो तेच अक्षर गाळायचा. तिनं शब्दावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त चेंडू त्यालाच मारले. "आधी पाय हलव, मग हात," एवढंच सांगत राहिली.

यंदा फेब्रुवारीत तिच्या मेंदूत ताप शिरला. चार दिवसांत गेली.

काल ड्वेननं मला तिच्या गाडीतून काढून मैदानावर आणलं. पट्टी मळली होती, नवी लावावी म्हणून त्यानं ती सोलली. शब्द तसाच होता. थुंकी लावून घासला, शर्टानं घासला. गेला नाही.

"काय रे, झाडू कुणाचा?" चेंडू टाकणाऱ्या नव्या पिचरनं विचारलं. "आणि लिहिणारा शाळेत गेला नव्हता वाटतं."

"मी लिहिलंय," ड्वेन म्हणाला. "माझ्या बहिणीची बॅट आहे. मार्लिस. माझी सख्खी बहीण."

पिचरनं टोपी काढली.

ड्वेन मला घेऊन मैदानाच्या कडेला गेला. माझी मूठ कपाळाला टेकवली.

"कोच," तो म्हणाला. मग पुन्हा, "कोच."

आता मला कुणी पट्टी लावू नका. तो शब्द उघडाच राहू दे. ती हाक तिची होती, आणि ऐकली मी.