उजव्या बाजूचा कॅन

थोरलीने गियरची सायकल घेतली आणि पहिल्या आठवड्यातच तिची शोभा झाली. खिंडीचा चढ लागला, तिने हँडलवरचा खटका ओढला, की चेन कटकट करत भलत्याच चकतीवर उडी मारायची, नाहीतर सरळ उतरून लोंबायची. मग बाई रस्त्याकडेला बसून हात काळे करणार आणि मागून धाकटी जाऊ नवऱ्याची जुनी बिनगियरची सायकल ढकलत पुढे निघून जाणार. नुसती जाईल तर धाकटी कसली? रोज विचारायची, "थांबू का, जाऊबाई?"

"तू हो पुढे. तुला तेच हवंय ना," थोरली म्हणायची.

दूध केंद्राने सांगितलं होतं, महिन्याभरात जी जास्तीत जास्त दिवस दूध वेळेवर पोचवेल तिला वरच्या वस्तीचं दूध गोळा करून आणायचं काम कायमचं मिळेल. वस्तीचं दूध म्हणजे घराला मोठाच आधार. थोरलीने त्यासाठीच शेळ्या विकून सायकल आणली होती. आणि एकाच अंगणात राहणारी धाकटी ते आयतं पळवणार? 

थोरली दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने सायकल उलटी केली, तार ताणली, हाताने पायडल फिरवलं. चेन कशी अलगद इकडून तिकडे सरकली.

"नवी तार सैल पडतेच, बाई. बाकी सायकल ठणठणीत आहे."

दुसऱ्या दिवशी चढावर पुन्हा तेच रडगाणं. आता संशयाला जागाच उरली नाही. दुकानात चालते आणि अंगणात एक रात्र राहिली की बिघडते, म्हणजे हात घरातलाच. शिवाय त्याच पहाटे तिने धाकटीला मागच्या चाकापाशी उकिडवी बसलेली पाहिलं होतं. काय करतेस विचारलं, तर म्हणे, "काही नाही, बघत होते." बघत होती म्हणे. थोरलीने मनात खूणगाठ बांधली, हिची अशी जिरवायची की पुन्हा सायकलचं नाव काढणार नाही.

केंद्रावरचा मापाडी प्रत्येकीचं दूध चमचाभर तापवून बघायचा. फाटलं की सगळा कॅन परत, वर नावावर फुली. थोरलीने परड्यातली दोन रसदार लिंबं निवडली, गार दुधात कळू नये पण तापलं की फाटावं इतकीच. पहाटे धाकटी वासरू बांधायला वळली, तेवढ्यात हिने तिच्या कॅनात ती पिळली, ढवळलं, झाकण लावलं. हात पदराला पुसताना तिला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी चढावर जाताना ती चक्क गुणगुणत होती.

अर्ध्या चढावर तिने खटका ओढला. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर गेली, तिलाही ओलांडून चाकाच्या तारांत घुसली आणि घट्ट अडकली. चाक हलेना. मागून धाकटी आली, तिने सायकल उभी केली, वाकून पाहिलं.

"जाऊबाई, तुमचा कॅन घासतोय. गियरची ही दांडी बघा, पार आत दाबली गेलीय."

थोरलीने पाहिलं. गावात सगळ्याच जणी कॅन उजवीकडे टांगायच्या. सायकल ढकलताना बाई डावीकडून चालते, तिच्या गुडघ्याला लागू नये म्हणून कॅन उजवीकडे. साध्या सायकलीला तिथे बाहेर आलेलं काही नसतं. हिच्या सायकलीची दांडी नेमकी तिथेच होती, आणि भरला कॅन खड्ड्यागणिक तिला आत ढकलत होता. दुकानात कॅन नव्हताच.

"मग आधी बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी तेच बघत होते. तुम्ही तोंड उघडू दिलंत का? चला, वेळ होतोय. माझा कॅन मोठा आहे, तुमचं दूध यात ओता. दोघींचं मिळून नोंदवू."

धाकटीने स्वतःच्या कॅनाचं झाकण काढलं. थोरलीने मनात हिशेब केला, आता सांगितलं तर वस्ती गेली आणि अब्रूही गेली. तिने आपला कॅन उचलला आणि दूध ओतलं.

मापाड्याने चमचा जाळावर धरला. दुधाच्या गुठळ्या झाल्या.

"हे खराब दूध कुणाचं?"

धाकटीने कॅनाच्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग तिने थोरलीच्या हातांकडे पाहिलं.

"माझं," ती सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "कॅन नीट धुतला नसेल. जाऊबाईंचं दूध चोख होतं, सायकल अडली म्हणून मीच मागून घेतलं. फुली माझ्या नावावर मारा, वस्ती त्यांना द्या."

परतताना थोरलीने धाकटीची सायकल अडवली.

"शिव्या दे गं मला. मी घरी सगळं खरं सांगते."

"सांगा की. सासूबाई म्हणतील, थोरली केवढ्या मनाची, धाकटीचा दोष अंगावर घेते. तुमचे दीरही तेच म्हणतील." धाकटी हसली. "मी मात्र माझाच कॅन घाण होता असं सांगणार. जन्मभर सांगणार."

आणि ती सांगतेच. थोरली आता कॅन डावीकडे टांगते, गियर सुरळीत पडतात, चेन एकदाही उतरत नाही. वस्तीचं दूध तिचंच आहे. संध्याकाळी अंगणात आयाबाया जमल्या की धाकटी प्रेमाने तिच्याजवळ सरकते आणि म्हणते, "आमच्या जाऊबाईंचं दूध कधी फाटत नाही, हो ना?"

थोरलीला सगळ्यांदेखत हो म्हणावं लागतं.