थंड खोलीतली चढण

पलंगावर दहा कपडे होते: तीन सुती बनियन, एक पातळ लोकरी बनियन, दोन जाड स्वेटर, एक कापूस भरलेलं जॅकेट, दोन मफलर आणि एक कानटोपी. हातमोज्यांच्या तीन जोड्या वेगळ्या. पायमोजे मोजायचे राहिले, कारण त्यांच्यावर मांजर झोपलं होतं.

उन्हाळा नुकता लागला होता. पडदा हलत नव्हता आणि त्या लोकरीच्या ढिगाकडे बघूनच घाम फुटत होता. मावशी मात्र कडेला बसून एका स्वेटरच्या बाहीवरून हात फिरवत होती, जणू ती बाही आत्ताच डोंगरावर जाऊन आली होती.

"सगळे घालते," ती म्हणाली.

"मग तुला चालवत नाही, घरंगळत न्यावं लागेल," आई म्हणाली.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. फुलांच्या ठोक दुकानात काम करते. थंडीत तिची बोटं पांढरी पडतात. आधी टोकं, मग पेरं, अगदी खडूसारखी. रंग परत येताना इतकी दुखतात की ती बोलेनाशी होते. म्हणूनच मालकाने तिला मागच्या कोल्ड रूममधून उचलून पुढे गल्ल्यावर बसवलं. डॉक्टर म्हणाले होते, "बोटं उबदार राहत असतील तर खुशाल जा. नाहीतर डोंगर लांबूनच बघा."

तिला जायचं होतं ते एका फुलासाठी. दुकानात फुलं पेट्यांतून येतात, कापलेली, झोपलेली. हे फूल कोणी विकत नाही. वरचा बर्फ वितळू लागला की त्याच्या पातळ कडेला भोक पाडून ते बाहेर येतं: जांभळं, मान खाली घातलेलं, नखाएवढं. थोड्या दिवसांनी तिथे बर्फही नसतो आणि फूलही. मावशीने ते एकदा कॅलेंडरवर पाहिलं होतं. तो महिना संपल्यावरही तिने पान उलटलं नाही.

कोल्ड रूम चार अंशांवर असते. वरच्या वाटेवर साधारण तेवढंच असेल, असा माझा अंदाज होता. मी म्हटलं, "डोंगर इथेच चढून बघू. अर्ध्या तासाने बोटाचं टोक पंचवीस अंशांच्या खाली गेलं, तर डोंगराच्या सहलीच्या बसमधली तुझी जागा सोडायची." आकडा मी सुचवला, आईने मान्य केला. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

रविवारी दुकान बंद होतं. मालकाने किल्ली दिली. कोल्ड रूममध्ये निळसर दिवा, मांडण्यांवर बादल्या, बादल्यांत मिटलेल्या लिली. पंख्याचा एकसुरी आवाज. तोंडातून निघालेली वाफ जरा वेळ फुलांवर थांबायची आणि मग कुठे जायची कळायचं नाही.

मावशीने जवळजवळ सगळंच अंगावर चढवलं होतं. दोन मांडण्यांमध्ये ती डोळे मिटून चालू लागली; टोकाला पालथ्या क्रेटवर चढायची, उतरायची, वळायची. आई आपला मोठा कोट घालून दाराशी बादलीवर बसली होती. चेहऱ्यावर 'काय हा पोरखेळ'.

"कुठवर आलीस?" मी विचारलं.

"झाडं संपली. आता नुसतं गवत. ओलं आहे."

"उजवीकडे दरी असेल, कडेने जाऊ नकोस!" आई म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

अर्ध्या तासाने मी हातमोजा काढून तापमापकाची तार बोटाला चिकटवली. सोळा पूर्णांक आठ. बोट खडूसारखं झालं होतं.

"हात दाखवून अवलक्षण," आई पुटपुटली, पण मावशीचे दोन्ही हात तिने आपल्या काखेत धरले होते.

बाहेर उन्हात बसून मावशीने एकेक कपडा उतरवला. तेव्हा मला तिचं मनगट दिसलं. एकावर एक घातलेल्या बाह्यांच्या इलॅस्टिकच्या तीन लाल रेघा. आणि सुती बनियन पाठीवर ओलाचिंब.

"मावशी, ऊब कापडात नसते. कापडांच्या मधल्या हवेत असते. ती आपण दाबून बाहेर काढली, घाम सुतात साठवला आणि वर मनगट आवळलं."

"म्हणजे अति तिथं माती," आई म्हणाली. "एवढं शिकून हेच ना?"

"हेच."

मी लोकरी बनियन अंगालगत ठेवला, त्यावर एकच स्वेटर, हातमोज्यांची सर्वांत सैल जोडी. पण जॅकेट मावशीला घट्ट बसत होतं. स्वेटर त्याच्याखाली चेपून सपाट व्हायचा. मावशी आणि मी त्याची चेन ओढत होतो. आईने आपला कोट काढून पुढे केला.

"घे. माझ्या जाडीचा कोणाला तरी उपयोग होऊ दे."

"ताई, यात माझ्यासारख्या दोघी मावतील."

"दुसरीच्या जागी हवा राहील. तुझी भाची तेच तर सांगतेय."

बोटं पूर्ण गुलाबी झाल्यावर आम्ही पुन्हा आत गेलो. आईने दोन्ही मफलर गुंडाळले. मी सांगितलं, चढताना कोट उघडा ठेवायचा, थांबलं की मिटायचा. मावशी चालू लागली. या वेळी आई बादलीवर बसली नाही; थंडी वाजते म्हणत तिच्या मागोमाग चालत राहिली. क्रेटवर दोघी चढायच्या, उतरायच्या. निळ्या उजेडात त्या मांडण्यांमागे नाहीशा व्हायच्या, मग वरच्या एखाद्या वळणावर दिसाव्यात तशा पुन्हा दिसायच्या. वाऱ्यासारखा पंखा. मलाही पायांखाली जमीन तिरपी झाल्यासारखी वाटली.

शेवटच्या मांडणीपाशी थंड नळीवर हिमाचा पातळ थर धरला होता. मावशी तिथे थांबली, कोट मिटला आणि वाकली.

"ताई, जपून. पायाखाली बघ, नखाएवढं आहे."

आईने उचललेला पाय तसाच अधांतरी धरला. मग तो सावकाश बाजूला टेकवला.

मी हातमोजा काढला, तार चिकटवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

उजव्या हाताचं मधलं बोट, अर्ध्या तासानंतर: सत्तावीस पूर्णांक तीन अंश.