ठकीबरोबर आलेले काका

तपासणी केंद्राच्या तळमजल्यावर, एमआरआयच्या मोठ्या यंत्रापासून दोन दारं अलीकडे एक खोली होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण सगळे तिला पाहुण्यांची खोली म्हणत. दुसऱ्या संस्थांकडे प्राणी असत, प्रयोग असत, पण एवढं मोठं यंत्र नसे. मग ते लोक आपले ससे, मेंढ्या, एखादं डुक्कर दोन-तीन दिवसांसाठी इथे आणत, हवे ते फोटो काढून घेत आणि जनावर परत नेत. या खोलीचा सगळा कारभार ताई बघत. एकोणीस वर्षं बघत होत्या.

ताई नियमाला पक्क्या. प्राण्याचा आरोग्याचा दाखला, परवानगीचं पत्र, धुतलेली गाडी, सगळं असेल तरच दार उघडायचं. सोबत आलेल्या माणसानं दारात जनावर सोपवायचं आणि तिथूनच परत फिरायचं. बाहेरच्या बुटांबरोबर काय काय आत येईल याचा नेम नसतो, आणि यंत्राच्या खोलीत तर लोखंडाची टाचणीही चालत नाही. एकदा कुणाच्या तरी खिशातली कात्री उडून यंत्राला जाऊन चिकटली होती, ती काढण्यात सगळ्यांचा अख्खा दिवस गेला होता. तेव्हापासून ताई जास्तच कडक झाल्या. पाठीमागे लोक त्यांना कुलूपताई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी एक मेंढी आली. कानातल्या बिल्ल्यावर सतरा नंबर. आठ महिन्यांपूर्वी तिच्या मागच्या पायाच्या गुडघ्यातली झिजलेली गादी नव्यानं भरली होती, ती नीट धरली का हे बघायचं होतं. पुढेमागे माणसांच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग व्हायचा होता. गाडीतून आधी एक साठीच्या आसपासचे गृहस्थ उतरले, उंच, किरकोळ, खाकी सदऱ्यातले. त्यांच्या मागोमाग, दोरी न ओढता, मेंढी उतरली.

"ये ठकी," ते म्हणाले. "उंबरा आहे हं, बघून."

ताईंनी कागद तपासले, सही घेतली, मेंढी आत घेतली आणि त्यांना आता निघायला हरकत नाही असं सांगितलं. काकांनी मान डोलावली. मग चाचरत म्हणाले की, मेंढीला एकटं राहायची सवय नसते, म्हणून त्यांनी जोडीला दुसरी मेंढी आणायची परवानगी मागितली होती, पण अर्जावरची ती ओळ कुणीतरी खोडली. ताई म्हणाल्या, खोलीत एकाच मेंढीपुरती जागा आहे. ते खरंच होतं. दार बंद झालं.

संध्याकाळपर्यंत ठकीनं गवताला तोंड लावलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि थोड्या थोड्या वेळानं एकदाच ओरडायची, मग कान टवकारून उत्तराची वाट बघायची. ताईंनी हिरवा पाला देऊन पाहिला, पाणी बदललं, दिवा मंद केला. एवढ्या वर्षांत अशी जनावरं त्यांनी बघितली नव्हती असं नाही. बहुतेक दुसऱ्या दिवशी निवळतात.

मंगळवारी सकाळी ताई कामावर आल्या तर फाटकाबाहेरच्या बाकावर काका बसलेले. गाडी कालच परत गेली होती. रात्री जवळच्या धर्मशाळेत राहिलो, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यापुढे रिकामा पेला होता आणि मांडीवर घडी घातलेली गोणपाटाची पिशवी.

"काका, तुम्हाला घरी नाही का जायचं?"

"जायचं ना. तिच्याबरोबरच जाईन."

ताई आत गेल्या. भूल देणाऱ्या डॉक्टर मेंढीला तपासायला आलेल्या होत्या. वयानं लहान पण हाताला हलक्या. त्यांनी छातीला नळी लावली, घड्याळ बघितलं आणि मान हलवली. ठोके नेहमीच्या दुप्पट पडत होते. अशा घाबरलेल्या जनावराला भूल देणं धोक्याचं, त्या म्हणाल्या. उद्यापर्यंत शांत झाली तर बघू, नाहीतर परत पाठवायची. परत पाठवायची म्हणजे पुन्हा सगळे दाखले, पुन्हा सहा तासांचा प्रवास आणि पुन्हा हीच भीती, हे ताईंना कळत होतं.

अकरा वाजेपर्यंत त्यांनी कळ काढली. मग वरिष्ठांच्या खोलीत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच नियमात सूट मागितली. वरिष्ठांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. कुलूप आपण होऊन उघडायला आलंय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. जबाबदारी तुमची, एवढंच ते म्हणाले.

काकांनी बूट बाहेर काढले, हातपाय धुतले, केंद्राचे स्वच्छ कपडे घ्यायला हात पुढे केला. आधी सदऱ्यावरूनच अंगरखा चढवतो म्हणाले, पण ते चालत नाही म्हटल्यावर आडोशाला जाऊन बदलून आले. खोलीत शिरताच त्यांनी ठकीला हाक मारली नाही की जवळ गेले नाहीत. कोपऱ्यात पेंढ्यावर मांडी घालून बसले आणि ताईंनी तपासून दिलेल्या पिशवीतून मूठभर जुनं गवत काढून समोर ठेवलं. तिच्या गावच्या मेंढ्यांच्या वाड्यातलं, तिच्या सोबतिणींच्या वासाचं. ठकी वळली. आली, हुंगलं, आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली.

"हिचा गुडघा भरून आला म्हणतात," काका म्हणाले. "माझे दोन्ही करकर वाजतात. पण माझा नंबर लागेपर्यंत मीच राहायचो नाही."

ताईंना हसू आलं. दुपारी ठोके मोजले तेव्हा नव्वदच्या खाली आले होते. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. उद्या सकाळी भूल द्यायची असल्यामुळे आता तिला खायला काही द्यायचं नव्हतं, ते मात्र काकांच्या जिवावर आलं. रिकामी गव्हाण बघून ठकी त्यांच्या बाह्या चावत बसली.

बुधवारी सकाळी तयारीची वेळ आली. यंत्राच्या आधीच्या खोलीत भूल द्यायची, मग जनावर चाकांच्या टेबलावरून आत न्यायचं. त्या खोलीच्या जमिनीवर एक पिवळी रेघ होती. तिच्या पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ताई स्वतः प्रश्न विचारत आणि फॉर्म भरून घेत. काकांना आत जायचं होतं. यंत्र फार आवाज करतं असं त्यांनी ऐकलं होतं. भुलीत तिला कळणार नाही, असं डॉक्टरांनी समजावलं, तरी ते म्हणाले की आजवर त्यांचं एकही जनावर भुलीत एकटं गेलेलं नाही.

ताईंनी विचारायला सुरुवात केली. दातात धातू? नाही. अंगात सळई, पट्टी, स्क्रू? नाही. हृदयाला काही यंत्र बसवलंय?

"नाही," काका म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

ताईंनी वर बघितलं. केंद्राच्या कपड्यांचा गळा मोठा होता. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढा उंचवटा होता आणि त्यावर बोटभर लांबीचा व्रण. ताईंच्या आईला तसंच यंत्र होतं. आईला आंघोळ घालताना पाच वर्षं रोज त्यांचा हात त्या उंचवट्यावरून फिरला होता.

त्यांनी फॉर्म खाली ठेवला. डॉक्टर ठकीच्या पायावरची लोकर कातरत होत्या, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ताई म्हणाल्या, "काका, रेघेच्या पलीकडे गेलात तर ते बंद पडू शकतं."

काकांचा हात आपसूक गळ्याशी गेला. मग म्हणाले, "इथूनच धरू का तिला? झोपेपर्यंत?"

"इथून धरा. अलीकडून."

ठकीचं डोकं त्यांच्या हातात असतानाच सुई लागली. तिच्या पापण्या जड झाल्या, मान सैल पडली. टेबल पिवळ्या रेघेवरून पलीकडे गेलं आणि जाड दार लागलं. आत ठकठक सुरू झाली. पाऊण तास लागणार होता.

ताईंनी काकांना बाहेरच्या ओसरीतल्या खुर्च्यांवर आणून बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. त्यांच्या नोंदवहीत लिहायची बरीच कामं पडली होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

काकांनी आपण होऊन सांगितलं. गेल्या वर्षी दोनदा चक्कर येऊन वाड्यातच पडले होते. डॉक्टरांनी यंत्र बसवायला सांगितलं. घरी त्यांनी मेंढ्या घेऊन तीन दिवस बाहेरगावी जातोय असं सांगितलं, कचेरीत रजा टाकली, आणि दवाखान्यात जाऊन एकटेच दाखल झाले. कचेरीला कळलं असतं तर त्यांना मेंढ्यांजवळ ठेवलं नसतं. मेंढी धडक देते, आणि छातीवर बसली तर काय, असा विचार कुणीही केला असता. आणि घरी कळलं असतं तर मुलानं कामच सोडायला लावलं असतं.

"मेंढ्या सोडून मी करू काय, ताई? टीव्ही बघू?"

"तुमच्या आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तुम्ही पुन्हा चक्कर येऊन पडलात तर?"



ताई म्हणाल्या की, त्या कचेरीला काही कळवणार नाहीत. नोंदवहीत सोबतच्या माणसाला आत सोडलं नाही एवढंच लिहितील. पण घरी आत्ता, इथूनच फोन करायचा. काकांनी खूप आढेवेढे घेतले. मुलगा कामावर असेल, फोनची बॅटरी कमी आहे, असली बातमी फोनवर कशी सांगायची. ताई नुसत्या बसून राहिल्या. कुलूपताईंपुढे कुणाचं काही चालत नसे, काकांचंही चाललं नाही. शेवटी त्यांनी मुलाला नाही, सुनेला फोन लावला. ओसरीत इतकी शांतता होती की पलीकडचा शब्दन् शब्द ताईंना ऐकू येत होता.

काकांनी तीन वेळा सुरुवात केली आणि तीन वेळा ठकीवर आले. चौथ्यांदा एका दमात सांगून टाकलं.

पलीकडून सूनबाई म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे. तुमच्या सदऱ्याच्या खिशात तपासणीचं कार्ड होतं. धुताना सापडलं. मी वाळवून परत ठेवलं."

"ते भिजलेलं... मला वाटलं घामानं."

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

काकांना एकेक गोष्ट आठवू लागली. पाण्याच्या बादल्या हल्ली ती त्यांना उचलू देत नव्हती, नातीला खांद्यावर घ्यायला निघाले की नेमकं सुनेचं नातीकडे काहीतरी काम निघे, आणि तीन-चार महिन्यांतून एकदा, तपासणीच्या दिवशी, त्यांचा डबा न सांगता लवकर भरलेला असे. सुनेचा स्वभाव जरा हुकमी झालाय असं त्यांना वाटत होतं, आणि तसं त्यांनी शेजाऱ्यांना बोलूनही दाखवलं होतं.

"यांना मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही सांगा. रागावतील, पण थोडा वेळच. मी असेनच."

काकांनी हो म्हटलं, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून जेवलीस का असं विचारलं. मग फोन हातात धरून बसून राहिले. ताईंनी उठून पाणी आणलं, आणि ते आणण्याच्या निमित्तानं जरा जास्तच वेळ लावला.

जाड दार उघडलं. ठकीला पाहुण्यांच्या खोलीत आणून पेंढ्यावर ठेवलं. भुलीतून उठणाऱ्या मेंढीला कुशीवर पडू द्यायचं नसतं, पोट फुगतं. तिला छातीवर टेकवून बसवायचं आणि मान उचलून धरायची. ते काम दोघांनी केलं. ताईंनी बाजूनं आधार दिला, आणि काकांनी उजव्या हातानं मान धरली. अर्ध्या तासानं ठकीनं एक डोळा उघडला, नाक हलवलं, आणि समोर दिसणारी काकांची बाही तोंडात घेतली. डॉक्टर दारातून म्हणाल्या की, फोटो उत्तम आलेत, गादी छान भरलीये. काकांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष बाहीकडे होतं. ती त्यांनी सोडवून घेतली नाही.

गुरुवारी सकाळी गाडी आली. ड्रायव्हरनं पुढची सीट झाडून ठेवली होती, पण काका मागे पेंढ्यावरच बसले. ताईंनी त्यांच्या पाठीशी ठेवायला स्वतःच्या खुर्चीवरची उशी आणून दिली आणि ती परत पाठवू नका म्हणून बजावलं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. मुलगा दोन दिवस बोलला नव्हता, तिसऱ्या दिवशी मात्र स्वतः येऊन दवाखान्यात घेऊन गेला. मग काकांनी कचेरीतही स्वतःच सांगितलं. त्यांना वाड्यातून काढलं नाही, पण मोठे मेंढे धरायचे नाहीत, आणि नव्या माणसांना शिकवायचं, असं ठरलं. ठकी बाहेरून आलेली म्हणून दोन आठवडे वेगळी ठेवली होती, पण या वेळी जोडीला दुसरी मेंढी दिली होती. शिकवायचं कसं ते मला येत नाही, काका तक्रार करत होते, मी नुसता बसतो आणि ते बघतात. ताई म्हणाल्या, तेच शिकवा.

त्यानंतर ताईंनी एक अर्ज लिहिला. बाहेरून येणाऱ्या जनावराच्या ओळखीच्या माणसाला, हातपाय धुऊन, कपडे बदलून, सगळे प्रश्न विचारून, पिवळ्या रेघेपर्यंत सोबत राहू द्यावं, आणि खोलीत दुसऱ्या जनावरापुरती जागा करावी. समितीनं दोन महिने घोळ घातला, पानभर अटी लावल्या, आणि अर्ज मंजूर केला. भिंत मागे सरकवायला आलेल्या गवंड्यांवर ताई दिवसभर लक्ष ठेवून होत्या. नंतरच्या आठवड्यात एक बाई दोन ससे घेऊन आल्या, आणि सवयीनं दारातच पिंजरा ठेवून परत वळल्या. ताईंनी त्यांना थांबवलं, चपला कुठे काढायच्या ते दाखवलं आणि आत घेतलं.