लग्नाचे बार

ॲडानं टेबलावरचा पत्र्याचा डबा उचलला, परसात नेला आणि पाण्याच्या पिंपात बुडवला. तिचा बाप जोसाया मागोमाग आला. त्यानं बाही खांद्यापर्यंत सारली, डबा वर काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला.

"धुक्यापावसात चालायलाच केलेत हे," तो म्हणाला. "पाण्याला घाबरत नाहीत. घरातल्या काही जणांसारखे नाहीत."

डब्यात रुळावर लावायचे बार होते. धुक्यात सिग्नल दिसेनासा झाला की ते रुळावर बांधायचे. चाक वर आलं की तोफेसारखा आवाज होतो आणि ड्रायव्हर सावध होतो. पण हॅलबी जंक्शनच्या रेल्वेवाल्यांना ते लग्नातही लागत. नवरा-नवरीची गाडी सुटताना बार उडाले नाहीत, तर लग्न लागलं असं कुणी मानतच नसे. जोसाया रुळांवरचा मुकादम, त्याचा भाऊ एनॉक सिग्नलच्या केबिनमध्ये, उद्याचा जावई क्लेम इंजिनात कोळसा टाकणारा. अशा घरातलं लग्न आवाजाविना झालं तर जन्मभर टोमणे ऐकावे लागले असते.

"बार उडणार असतील तर एर्नी स्टेशनावर कसा येईल?" ॲडा म्हणाली.

"नको येऊ दे. पुलावरचं टोळकं अजून विचारतं मला, बाकाखालचा शिपाई बरा आहे का म्हणून."

ॲडाच्या अंगाचा तिळपापड झाला. फेब्रुवारीत तिचा धाकटा भाऊ फ्रान्समधल्या लढाईवरून परतला, तेव्हा निम्मा गाव फलाटावर लोटला होता. गाडी फलाटाला लागता लागता बार उडाले. दारात उभ्या एर्नीनं खाली उडी टाकली आणि थेट बाकाखाली शिरला. आधी लोकांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. ते हसले. आई हातात केक घेऊन तशीच उभी राहिली.

"ते बार कुणी लावले होते, बाबा?"

जोसाया डबा पुसत राहिला.

"तुम्ही लावलेत! तोफांखालून जिवंत आलेल्या पोराच्या स्वागताला बार! आणि वर लाज तुम्हालाच वाटते?"

"कौतुकानंच लावले होते."

"मग तसं सांगा त्याला. चुकलो म्हणा. तेव्हापासून एक सरळ शब्द बोलला नाहीत त्याच्याशी."

"बापाला अक्कल शिकवू नकोस. उद्या बार उडणार."

ॲडानं दार असं आपटलं की खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरात एर्नी तिच्या लग्नासाठी बूट घासत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या हातात थबकलेल्या ब्रशावरूनच कळत होतं.

"तू चर्चमधून परस्पर घरी ये, राजा," ती म्हणाली. "मला काही वाटणार नाही."

"बघू," तो म्हणाला आणि दुसरा बूट उचलला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर होता. स्टेशनावर मात्र ॲडाला दिसला नाही. तिनं सगळ्यांच्या गळ्यात पडून घेतलं. बापाला मात्र नुसता गाल पुढे केला. त्याच्याशी बोलायची तिला इच्छाच नव्हती. गाडी हलली तशी तिनं क्लेमचा हात घट्ट धरला. टोप्या वर गेल्या. सगळे कान देऊन उभे.

काहीच उडालं नाही. चाकं रुळांवरून नुसतीच घरंगळत गेली.

"अरे जोसाया!" एनॉक काका ओरडला. "बार कुठं गेले? घरी ठेवलेस की काय म्हाताऱ्या?"

"विसरलो," जोसाया म्हणाला.

फलाटावर हशा पिकला. आयुष्यात धुक्याच्या एकाही रात्री न विसरलेला मुकादम पोरीच्या लग्नात विसरला! जोसाया मान खाली घालून हसणं झेलत होता. ॲडाचा राग क्षणभर कुठं तरी सांडला. आणि मग तिला एर्नी दिसला.

तो फलाटाच्या पार टोकाला उभा होता. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही तळहात कानांवर दाबलेले. तिला निरोप द्यायला तो आला होता, बार उडणार हे धरूनच आला होता. बार लावलेलेच नाहीत, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्यासमोरून गाडी गेली तरी तो तसाच, अजून न आलेल्या आवाजाची वाट बघत.

ॲडानं डब्याच्या खिडकीचा चामडी पट्टा ओढून काच खाली केली आणि बाहेर वाकली. मागे जोसाया गर्दीतून निघून एर्नीकडे चालला होता. जवळ पोचला, थांबला. हात पुढे झाला आणि परत खिशात गेला. मग तो हसणाऱ्या लोकांकडे पाठ करून, एर्नी कुणाला दिसू नये असा आडवा उभा राहिला.

"सांगा की त्याला!" ॲडा जिवाच्या आकांतानं ओरडली. "बाबा, तोंड उघडा! सांगा त्याला!"

गाडी वळणाला लागली. दिसेनासे होईपर्यंत एर्नीचे हात कानांवरच होते.