वर आलेला धागा

२०१९ सालच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी सकाळी विजयश्री आपल्या आईची मोतिया शिफॉनची साडी घेऊन पुनावळ्यात कुसुमताईंच्या दारात उभी राहिली. बांगडीत अडकून पदराचा एक आडवा धागा ओढला गेला होता. बोटभर फास बाहेर लोंबत होता आणि दोन्ही बाजूंना वीतभर कापड चुणलं होतं. पुढच्या रविवारी तिच्या लेकीचा, दिव्याचा, साखरपुडा होता. आजीचीच साडी नेसायची हे दिव्यानं आजी असतानाच ठरवलं होतं, आणि आजी आषाढात गेली होती.

"कापून टाकणार होते, पण हात धजला नाही," विजयश्री म्हणाली.

"बरं केलंत. धागा कुठं जात नसतो, ताई. जागा सोडून आलेला असतो एवढंच. त्याला परत नेऊन बसवायचा."

कुसुमताई सव्वीस वर्षं हेच करत आल्या होत्या. माण तालुक्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा पुनावळ्यात ऊस होता. आता उसाच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिले होते आणि त्या मजल्यांवरच्या बायका शिफॉन, जॉर्जेट, क्रेप घेऊन त्यांच्याकडे येत. काम झाल्यावर धागा कुठला ओढला होता ते घरच्या माणसालाही सापडत नसे.

आतल्या खोलीत ज्योतीराम, त्यांचे यजमान, खुर्चीत बसलेले असत. भोसरीच्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. मशीनवरून उतरलेल्या लोखंडी भागाच्या कडेला केसाएवढी बारीक धार राहते, तिला कामगार बर म्हणतात. ती बोटानं शोधायची आणि कानशीनं काढायची, हे त्यांचं काम. इतरांच्या डोळ्यांना न दिसणारी बर त्यांच्या अंगठ्याला कळे. तीन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडू लागला. आधी पत्ते गेले, मग माणसं गेली. स्वतःच्या मुलाला, सुजितला, ते साहेब म्हणू लागले. अंगठा मात्र काहीच विसरला नाही. टॉवेल, चादर, कुणाचा ब्लाउज, जिथं म्हणून धागा वर आलेला असे तिथं तो बरोबर पोचे आणि धागा उपसून काढी. म्हणून काम करताना कुसुमताई मधल्या दाराला कडी लावत.

शुक्रवारी दुपारी त्या खिडकीपाशी बसल्या. सुईच्या टोकानं फासाची ढील कणाकणानं दोन्हीकडे सरकवत नेली, मधूनमधून कापड तळहातांनी हलकं ताणलं. तीन तासांत चुण्या उलगडल्या आणि तांदळाच्या दाण्याएवढा फास उरला. तेवढा सुईनं उलट्या बाजूला नेला की झालं. इतक्यात खाली पाण्याचा टँकर आला. ज्योतीराम झोपले होते, म्हणून कडी न लावताच त्या कळशा घेऊन उतरल्या.

परत आल्या तेव्हा ज्योतीराम खिडकीपाशी, कुसुमताईंच्या जागेवर बसले होते. तो अख्खा धागा नीट बोटाला गुंडाळलेला. पदरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक विरळ रेघ पडली होती, आणि तिच्यावरून ते सावकाश अंगठा फिरवत होते.

"बर होती," ते म्हणाले. "काढली. आता पास."

कंपनीत सुपरवायझरकडे बघत असतील तसे ते बघत होते. रागवायचं तरी कुणावर? कुसुमताईंनी कळशा खाली ठेवल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पास."

साडीच्या आतल्या टोकाचा धागा काढून त्यांनी रेघ भरून पाहिली. इतक्या झिरझिरीत कापडात तो बसेना. रेघ आणखी उठून दिसू लागली.

शनिवारी विजयश्री आली. ज्योतीराम तिथंच होते आणि तिच्या शालीच्या कडेकडे टक लावून बघत होते. कुसुमताईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला.

"माझ्या हातून झालं, ताई," त्या म्हणाल्या. "डोळे साथ देत नाहीत आता."

विजयश्री ओरडली नाही. रेघेवरून एकदा बोट फिरवून तिनं साडीची घडी घातली.

"डोळ्यांचं आधी सांगायचं होतं तुम्ही," ती म्हणाली आणि साडी घेऊन गेली.

तिच्या मनात वाईट नव्हतं. तिनं बायकांच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की कुसुमताईंची नजर गेली आहे, नाजूक काही देऊ नका. पंधरा दिवसांत फॉल-बिडिंगखेरीज काही येईनासं झालं.

सुजित चाकणची शिफ्ट संपवून आला की वडिलांना स्वतः आंघोळ घाली. तो म्हणाला, "आई, मोजे घाल त्यांच्या हातात. न्हाईतर उरलंसुरलं काम पण जाईल."

त्यांनी एक दिवस घातले. ज्योतीराम हात मांडीवर ठेवून बसले. दुसऱ्याचेच हात कुणीतरी आपल्यापाशी ठेवून गेलं असावं तसे त्या हातांकडे बघत राहिले. जेवले नाहीत. चार वाजता कुसुमताईंनी मोजे काढले आणि ट्रंकेतून आपला लग्नातला डाळिंबी शालू बाहेर काढला. इतक्या वर्षांत त्याला कुठं ओरखडा नव्हता. त्यांनी तो मांडीवर पसरला. आयुष्यभर वर आलेले धागे आत घातलेल्या त्या हातांनी सुईनं एक धागा वर काढला आणि शालू ज्योतीरामांच्या हातात दिला.

दिव्याचा साखरपुडा दुसऱ्या साडीत झाला. ती आता बंगळुरूला असते. विजयश्री रावेतला राहायला गेली. आईची साडी तिनं टाकली नाही, असं कानावर आहे. सुजितनं चाकण सोडलं आणि तळेगावच्या कंपनीत लागला. साथीच्या दोन वर्षांत घराबाहेर कुणी पडत नव्हतं, तेव्हा शालू रोज थोडा थोडा विरत गेला. २०२२च्या श्रावणात ज्योतीराम गेले, त्या दिवशी हातात नुसते काठ उरले होते.

कुसुमताई अजून पुनावळ्यातच आहेत. नजर चांगली आहे, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. ज्योतीरामांच्या खुर्चीवरच्या टॉवेलला, त्यांचा हात असायचा त्या जागी, एक धागा वर आलेला आहे. खुर्ची झटकताना त्या तेवढी जागा सोडून झटकतात.