ओ-द-व्ही म्हणजे पाणी

ओट्यावर सातशे मिलिलिटरची एक रिकामी बाटली होती. शेजारी पातेलं, त्याच्या तळाशी सुमारे दीडशे मिलिलिटर तपकिरी काढा, अडुळशाची अकरा पानं, आल्याचे चार तुकडे. माझी सिंधूमावशी ओट्याला टेकून उभी होती. तिचा मुलगा देवानंद बाटली उलटी करून बघत होता.

"आई, अख्खी ओतली?"

"मंग? खोकला अर्धाच घालवू काय?"

देवानंद गोव्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. एका फ्रेंच पाहुण्याने दिलेली ही बाटली त्याने धाड गावी, घरी आणली होती, मित्रांसाठी. मावशीला ती कपाटात सापडली. हे काय, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "कोन्याक."

"कोन्या काय? नीट नाव सांग ना बे."

ती सोडेना, तेव्हा त्याने बाटलीवरच्या एका ओळीवर मोबाइल धरला. ओ-द-व्ही. मोबाइलने मराठीत सांगितलं, जीवनाचं पाणी. विषय टळला म्हणून तो हसत बाहेर गेला. कावीळ झाल्यापासून मावशी उकळल्याशिवाय पाणी पीत नाही. तिने ते पाणी पातेल्यात ओतलं, त्यात अडुळसा, आलं आणि गूळ घातला, आणि चौथाईच्याही खाली येईपर्यंत आटवलं. सकाळपासून दोन चमचे घेतले होते.

"निळा जाळ आला होता पातेल्यावर," ती मला म्हणाली. "मले वाटलं बर्नर बिघडलं."

"दारू होती ते, आई," देवानंद म्हणाला.

मावशीने पातेल्यावर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. विहारात पंचशील ती म्हणते आणि बाकीचे तिच्यामागून म्हणतात. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं आहे.

"तुह्या फोननं तर पाणी म्हटलं."

मी समजावून सांगितलं. शब्दाचा अर्थ मोबाइलने बरोबर लावला होता, वापर त्याला माहीत नव्हता. फळांची दारू उकळून, तिची वाफ थंड करून जे काढतात, त्याला फ्रेंच लोक असं म्हणतात. कोन्याक ही त्यातली द्राक्षांची, एका ठरावीक भागातली.

"त्यायचं त्यायले राहू दे, सुवर्णे. माह्या पोटात दारू गेली का नाही, तेवढं सांग."

"बरीचशी उडून गेली असेल."

"बरीचशी म्हंजे किती? थेंबभर बी निघाली, तर उद्या पंचशील पुष्पाबाई म्हनतीन. मी मागं बसीन."

"नकळत झालं ना, आई," देवानंद म्हणाला. "भंतेजी बी काही म्हननार नाहीत."

"भंतेजीले काऊन मधात आनतो? पोरीले मोजू दे."

मी बुलढाण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. काढा गाळून बरणीत घेतला आणि दुपारच्या एसटीने निघाले.

अल्कोहोल पाण्याहून हलकं, म्हणून ते वजनावरून कळतं. पण गुळामुळे घनता चुकली असती, म्हणून पन्नास मिलिलिटर काढा आधी उकळून त्याची वाफ थंड करून गोळा केली. पाणी घालून ती परत पन्नासवर आणली. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"दारू निघाली का?"

"थांब, वजन करून राह्यले."

ती फोनवर थांबली. पंचवीस मिलिलिटरच्या कुपीत शुद्ध पाण्याचं वजन २४.९२६ ग्रॅम आलं. काढ्यातून निघालेल्या द्रवाचं २४.९११. दोनदा पुन्हा भरून पाहिलं, तेच आलं. घनतेवरून अल्कोहोल सांगणारं कोष्टक बघितलं आणि तिला सांगितलं.

अल्कोहोल, घनफळाने, ०.४ टक्के.