पेल्याला तोंड

लढाईनं शरच्चंद्र साठ्यांच्या घरातलं एकच माणूस गाठलं, आणि ते माणूस अजून रांगत होतं.

सगळं रबर म्हणे फौजेच्या गाड्यांना गेलं. त्यामुळे लोणावळ्यात काय, पुण्यातसुद्धा दुधाच्या बाटलीची बोंडी मिळेना. अच्युतची शेवटची बोंडी तर पार चिरली होती. तोंडात धरली की दूध भसाभस यायचं, तो ठसकायचा, दूध नाकातून बाहेर, आणि मग सगळ्या भांगरवाडीला ऐकू जाईल असा टाहो.

तेव्हा त्याला पेल्यानं दूध प्यायला शिकवायचं. एवढंच काम. पण या घरात ‘एवढंच’ असं काही नसतं, हे त्याच्या थोरल्या बहिणीला, इंग्रजी तिसरीतल्या रजनीला, पुरतं ठाऊक होतं.

मुळात घरात चोचीचं चांदीचं बोंडलं होतं. साठ्यांची कितीतरी बाळं त्यातून दूध पिऊन मोठी झाली. पण अच्युतच्या वेळी आईला ताप धरला, तिचं दूध आटलं, आणि वडिलांनी, म्हणजे दादांनी, खंडाळ्याच्या कुठल्याशा मडमेची काचेची बाटली घरी आणली. बाटली आल्यावर बोंडलं एकदम रानटी ठरलं. दादांनी ते सोनाराकडे वितळवलं आणि त्याचा पेला करून घेतला. पेल्यावर अच्युतच्या नावाचं इंग्रजी अक्षर कोरलं होतं. ते कललेलं होतं; पण इंग्रजी होतं, म्हणून दादांना सरळच दिसायचं.

आईच्या आजारपणात घर सांभाळायला तळेगावहून मुक्ताआत्या आल्या होत्या. आई बरी झाली, आत्या काही गेल्या नाहीत. रजनीची शाळा त्यांच्या डोळ्यांत सारखी सलायची. बोंडी चिरली तशी त्यांना संधीच सापडली.

“पोराला पेल्याची सवय लावायची म्हणजे त्याच्यापाशी सतत माणूस हवं,” त्या दादांना म्हणाल्या. “वहिनींच्या अंगात अजून ताकद नाही. रजी राहील घरी.”

“परीक्षा आलीय माझी!” रजनी म्हणाली.

“मग? अच्युतनं पेल्याला तोंड लावलं की जा. त्या दिवशी जा, त्या घटकेला जा. कोण धरून ठेवतंय तुला?”

“नक्की? पेल्याला तोंड लावलं की?”

“हो गं बाई! लिहून देऊ?”

दादांनी वर्तमानपत्र उलटलं. स्टेशनावर मालाच्या डब्यांवर ओरडणारे दादा घरी बहिणीपुढे असेच वर्तमानपत्र उलटायचे.

रजनीचं दप्तर खुंटीवर गेलं आणि घरात प्रयोग सुरू झाले. आधी आत्यांनी बाटलीचा नाद सुटावा म्हणून फाटक्या बोंडीला कोरफड फासली. अच्युतनं कोरफड चाटून साफ केली आणि आणखी मागितली. मग पेला देवापुढे ठेवून त्यावर अंगारा लावला. अंगारा दुधात पडला. मग दादांनी स्वतः मांडी घातली, टॉवेल पसरला आणि “कम ऑन, माय बॉय,” असं म्हणून पेला पुढे केला. इंग्रजीत सांगितल्यावर दूध आपोआप खाली उतरतं अशी त्यांची समजूत असावी.

अच्युत दर वेळी एकच करायचा. पेला दिसला की खूश होऊन मान मागे टाकायचा, डोळे छताकडे लावायचा, आणि घरट्यातल्या पिलासारखा हा एवढा आ वासायचा. पेल्याची कड ओठांना टेकली की चिडून हातानं उडवायचा. पुन्हा मान मागे, पुन्हा आ. वैतागून दादांनी एकदा तसंच वरून ओतलं. पोर काळंनिळं पडलं, आई रडायला लागली, आणि दादांच्या कोटावर दुधाचा नकाशा उमटला.

“दृष्ट लागलीय,” आत्या म्हणाल्या.

“मानेचा काहीतरी दोष आहे,” दादा म्हणाले. “पुण्याला दाखवायला हवं.”

दूध घालायला आलेली शालूबाई दारातून बघत होती. “मला इचाराल तर भुताटकी हाय. आमच्या लोहगडवाडीत एक भगत हाय, लय जबरा. आणू का त्याला?”

“तू दूध घाल आणि जा,” आत्या म्हणाल्या. पण भगताचं नाव मात्र त्यांनी विचारून ठेवलं.

तीन मोठी माणसं, तीन रोग! रजनीला हसावं की डोकं आपटावं कळेना. पोरगं मात्र उपाशीपोटी सुकत चाललं होतं. चमच्यानं पाजलेलं निम्मं अंगावर सांडायचं. त्याची मनगटं बघून तिला शाळाही विसरायला व्हायचं.

एके दिवशी सकाळी ती जेवायला बसली होती, अच्युत मांडीवर. दादांनी तांब्या उचलला, मान मागे टाकली, आ वासला, आणि पाण्याची धार वरून घशात सोडली. घटघटघट. मग आत्यांनी तेच केलं. मग आईनं. भांड्याला ओठ लागला की भांडं उष्टं, हा आत्यांचा कायदा. चहा प्यायचा तो दादांनी स्टेशनावर, घरात कपबशी नाही. रजनीनंसुद्धा फुलपात्र उचललं, मान मागे टाकली, आणि मांडीवरच्या अच्युतनं लगेच मान मागे टाकून आ वासला.

रजनीला असा ठसका लागला की पाणी पानात पडलं.

“दृष्ट म्हणे! मानेचा दोष म्हणे!” ती हसता हसता म्हणाली. “अहो, तो तुमच्यासारखा पितोय! भांड्याला ओठ लावणारं माणूस या पोरानं जन्मात बघितलंय का?”

“काय बडबडतेस?” आत्या म्हणाल्या.

रजनी उठली. हात धुतले. चांदीच्या पेल्यात कोमट दूध ओतलं, अच्युतसमोर बसली, आणि सगळ्यांच्या देखत पेल्याला ओठ लावून फुर्रकन घोट घेतला.

“अगं ए! उष्टा केलास! देवापुढचा पेला!”

रजनीनं दुसरा घोट घेतला, पहिल्याहून मोठा आवाज करून. अच्युतचा आ हळूहळू मिटला. त्यानं मान पुढे आणली. ताईच्या वरच्या ओठावरची दुधाची मिशी बघून तो खदखदा हसला आणि पेल्यावर दोन्ही हातांनी तुटून पडला. आधी कड चावली. मग चाटली. मग ओठ टेकले. निम्मं दूध झबल्यात गेलं. पण निम्मं, निम्मं खरोखर गळ्याखाली उतरलं. आईनं पदर तोंडाला लावला.

“हे धरायचं नाही,” आत्या घाईघाईनं म्हणाल्या. “उष्ट्यातलं पिणं म्हणजे काय पिणं!”

“पेल्याला तोंड लावलं की, असं म्हणाला होतात तुम्ही. तोंड लागलंय. तुम्हीच उष्टं म्हणताय, म्हणजे लागलंच की!” रजनीनं दप्तर खुंटीवरून काढलं. “दादा, तुम्ही ऐकलं होतंत ना?”

दादांनी वर्तमानपत्राकडे हात नेला. वर्तमानपत्र आईच्या मांडीखाली होतं. आई हलली नाही.

“जा,” दादा म्हणाले.

ती फाटकापर्यंत पोचते न पोचते तोच घरात आत्यांची किंकाळी उठली. “मेल्या! माझ्या तांब्याला तोंड? प्यायच्या तांब्याला?”

रजनीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पहिला तास भूमितीचा होता.